कटिप्रदेशाचा कारभार



ज्या वैद्यकव्यवसायी गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या व्यवसायाला साजेल असा विषय घ्यावा, एवढीच अट घालून चालकांनी निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा हृदय, मेंदू आणि नेत्र या मानकरी अवयवांना बाजूस सारून मी कंबर निवडली. कवींनी कमरेची स्तुती पुष्कळ केली आहे, नाही असे नाही. पण ती सारी समोरून पाहून केलेली. मागच्या बाजूस, त्वचेच्या आणि स्नायूंच्या आड, जो पाच मणक्यांचा संच जन्मभर देहाचा भार वाहतो, त्याची दखल तो तक्रार करू लागेपर्यंत कोणी घेत नाही; आणि तक्रार एकदा रुजू झाली म्हणजे मात्र घरातील वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण उसण, लचक, वायू, गादी, गॅप आणि नस या सहा शब्दांच्या भांडवलावर निदान सांगू लागतो.

ही तक्रार मामुली म्हणावी काय? २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लक्ष माणसे कंबरदुखीने ग्रस्त होती, असा अंदाज आहे. आणि माणसाला आयुष्यातील किती वर्षे विकलतेत काढावी लागतात याचा हिशेब मांडला, तर सर्व विकारांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. इतक्या लोकांना छळणाऱ्या अवयवाविषयी आपली मूळ कल्पनाच सदोष आहे, असे माझे म्हणणे आहे. कमरेचा कणा हा खांब आहे, ही ती कल्पना. आणि तिच्यापायीच आपण त्याला नको तेव्हा विश्रांती देतो आणि नको तेवढे ओझेही देतो. हे विधान सिद्ध करण्यासाठी मी चार मुद्दे घेणार आहे: पहिला रचनेचा, दुसरा भाराचा, तिसरा मणक्यांमधील चकतीचा, आणि चौथा मज्जातंतूंच्या शेजाराचा. त्यांवरून दुखण्याविषयी काय निष्कर्ष निघतो, ते शेवटी पाहू.

प्रथम रचना. मनुष्याच्या कण्यात एकंदर ३३ मणके धरतात: मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्यांच्याखाली त्रिकास्थीचे ५, आणि सर्वांत शेवटी माकडहाडाचे बहुधा ४. पैकी त्रिकास्थीचे पाच प्रौढपणी एकजीव होतात आणि माकडहाडाचेही तुकडे कमीअधिक जुळून जातात, म्हणून प्रौढ माणसाच्या कण्यातील हाडे मोजली तर ती २६ भरतात. ही साधी मोजदाद पक्की होण्यास किती काळ लागला पाहा! आपल्याकडे सुश्रुताने प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने त्याचा एकेक थर हलकेच उलगडून पाहण्याची रीत सांगितली आणि शरीरातील अस्थींची संख्या ३०० ठरविली. चरकाने ती ३६० धरली. युरोपात दुसऱ्या शतकातील गेलेनने पुष्कळसे विच्छेदन माकडादी प्राण्यांचे करून त्याचे निष्कर्ष मनुष्याला लावले, आणि त्याच्या वचनाचा अंमल विद्यापीठांवर तेराशे वर्षे चालला. १५४३ साली अँड्रियस व्हेसेलियसने आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करून त्याच्या अनेक प्रमादांचा पुरावा मांडला, त्यांत त्रिकास्थीच्या खंडांची चुकलेली गणतीही होती. ग्रंथातील अधिकारवाणी एकीकडे आणि मेजावरचे हाड दुसरीकडे असा प्रसंग आला, तर हाडावर विश्वास ठेवावा, हा धडा वैद्यकाने या वेळी घेतला. तो अधूनमधून विसरला जातो, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा आपणही हाडच पाहू. आधी आपापल्या जागी बसल्या बसल्याच एक करा. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की, बोटे पुढे राहतील आणि अंगठे मागे येतील. तळहात कुशीखालच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकू द्या. आता अंगठे आडव्या रेषेत पाठीच्या मध्याकडे न्या. ते जेथे मिळतील, तेथे बोटाला जो उंचवटा किंवा त्याखालची जी खोबण लागते, ती साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्याची जागा. ही रेषा ध्यानात ठेवा. चौथ्या मुद्द्यात तिचे काम आहे.

आणि हा माझ्या हातात आहे तोच मणका, चौथा. याचा पुढचा भाग पाहा: सुमारे ५ सेंटिमीटर रुंद, वरून पाहिल्यास मूत्रपिंडाच्या आकाराचा, भरीव दिसणारा. ‘दिसणारा’ म्हणतो, कारण हा कापला तर बाहेर पातळ कवच आणि आत अस्थितंतूंचे जाळे आढळते. त्यातील उभे तंतू भार पेलतात आणि आडवे तंतू उभ्यांना वाकू देत नाहीत. वार्धक्यात, विशेषतः स्त्रियांच्या ऋतुनिवृत्तीनंतर, हे आडवे तंतू आधी झिजतात, आणि मग एखादा मणका किरकोळ धक्क्यानेही दबून चेपतो. या भागाच्या मागे ही कमान. कमान आणि हा भाग यांच्यामधून मज्जामार्ग जातो. कमानीच्या पाठीमागे हे कुऱ्हाडीच्या पात्यासारखे रुंद प्रवर्धन, जे मघाशी आपल्या अंगठ्याला लागले. दोन बाजूंस ही दोन आडवी प्रवर्धने, स्नायूंना धरावयास. आणि वर दोन, खाली दोन असे हे चार गुळगुळीत सांधे, ज्यांच्या योगे हा मणका आपल्या शेजाऱ्यांशी जोडला जातो.

या सांध्यांची दिशा पाहण्याजोगी आहे. ते जवळजवळ पुढूनमागे उभे असल्यामुळे माणसाला कमरेत पुढे वाकता येते, मागे झुकता येते, पण पिळता फारसे येत नाही. एकेका मणक्याला एका बाजूस जेमतेम एकदोन अंशांचे वळण मिळते. आपण वळून मागे पाहतो तेव्हा ते वळणे मुख्यत्वे मान, छाती आणि खुब्याचे सांधे यांनी केलेले असते. कंबर त्यात नाममात्र सामील होते. जो शरीराकडून हे पिळणे वेगाने आणि वारंवार करवून घेतो, त्याला दंड भरावा लागतो. जलदगती गोलंदाज पाहा. चेंडू टाकताना तो मागे झुकतो, बाजूला कलतो आणि वळतो, हे तिन्ही एकाच क्षणी. आणि त्या ताणाने कमानीचा जो अरुंद दुवा असतो तेथे, बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूस, हाडाला तडा जातो. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात अशाच भंगामुळे जायबंदी झाला, प्लास्टरमध्ये जखडून राहिला, आणि १९७४-७५ च्या हंगामात इंग्लंडविरुद्ध पुन्हा उभा ठाकला. जायबंदी झालेली कंबर कायमची निकामी होत नाही, याचाही हा दाखलाच समजावा.

आता दुसरा मुद्दा, भाराचा. खांब सरळ असतो. कमरेचा कणा सरळ आहे काय? मुळीच नाही. त्रिकास्थीचा वरचा पृष्ठभाग पुढच्या बाजूस सुमारे ४० अंशांनी उतरता आहे, आणि त्या उतरणीवर पाचवा मणका बसविलेला आहे. एवढ्या कलत्या पायावर सरळ खांब उभा केला असता तर माणूस चेहऱ्यावर आदळला असता. म्हणून कमरेचे पाच मणके मागे वळत जाऊन पुढे फुगीर अशी कमान करतात, आणि डोक्याचा तोल पुन्हा पावलांवर आणून सोडतात. ही कमान जन्मतः नसते. तान्ह्या मुलाचा कणा एकाच बाजूस वाकलेला असतो. मूल मान धरू लागते तेव्हा मानेची कमान येते, आणि ते बसू, उभे राहू व चालू लागते तेव्हा कमरेची. चालणे माणूस शिकतो असे आपण म्हणतो. त्या शिकण्याबरोबर त्याच्या कण्याचा आकारही घडतो.

ही घडण मोठी जुनी आहे. १९७४ साली इथिओपियात हदर येथे ३२ लक्ष वर्षांपूर्वीच्या एका मादीचा सांगाडा मिळाला, जिला ‘लुसी’ म्हणतात. तिचा मेंदू लहान होता, पण कटीर मात्र दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचे होते. मेंदू मोठा होण्याच्या पुष्कळ आधी माणसाच्या पूर्वजांनी कंबर बदलून घेतली, असा याचा अर्थ. आणि ही घडण किती बारकाईची आहे, ते स्त्रीच्या कमरेत दिसते. गर्भारपणात पोटाचा भार पुढे सरकतो आणि तो तोलण्यासाठी स्त्रीला कंबर अधिक मागे वळवावी लागते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखविले गेले की, कमरेच्या कमानीसाठी पाचरीसारखे निमुळते झालेले मणके पुरुषांत दोन, तर स्त्रियांत तीन असतात, म्हणजे तेच वळण स्त्रीच्या देहात अधिक मणक्यांवर वाटले जाते. जी गर्भवती डोक्यावर घागर आणि कडेवर पोर घेऊन विहिरीची पायरी चढली, तिच्या कमरेची दखल शास्त्राने घ्यावयास थोडा उशीरच केला, एवढेच म्हणतो.

मग हा वाकडा, सांध्यासांध्यांनी तुटक असा कणा उभा राहतो कशाच्या बळावर? प्रयोगशाळेत कमरेचा कणा स्नायू काढून, केवळ हाडे, चकत्या आणि अस्थिबंध ठेवून उभा केला आणि वरून भार दिला, तर तो सुमारे ९ किलोग्रॅमच्या भाराखालीच कलंडतो! माणसाच्या नुसत्या धडाचे वजन याच्या कितीतरी पट. अर्थात कण्याला उभे ठेवतात ते स्नायू. पाठीमागे कण्याच्या दोहों बाजूंचे लांब स्नायू, त्यांच्या तळाशी एकेका मणक्याला आवळून धरणारा आखूड मल्टिफिडस, आतून मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत उतरणारा सोअस, आणि पुढून पोटाभोवती आडवा वेढा घेणारा उदरस्नायू, असा हा बंदोबस्त आहे. ओझे उचलताना आपण नकळत श्वास रोखून पोट आवळतो, तेही उगाच नव्हे: त्याने पोटातील दाब वाढून कण्याला पुढून आधार मिळतो.

या स्नायूंना काय मोल द्यावे लागते, त्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. पाठीचे स्नायू चकतीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे आहेत. आपण १० किलोग्रॅमचा डबा हात लांब करून, कमरेपासून ५० सेंटिमीटरवर धरून उचलला, तर तरफेच्या नियमाने केवळ त्या डब्यापायी स्नायूंना १०० किलोग्रॅमइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार तो आणखी वेगळा. तोच डबा अंगाशी, २५ सेंटिमीटरवर धरला, तर जोर ५० वर येतो. डबा तोच, माणूस तोच, आणि चकतीवरचा हा भार मात्र निम्मा. ओझे अंगाशी धरा, असे जाणती माणसे सांगत आली, त्यामागे हे गणित आहे.

तिसरा मुद्दा चकतीचा. हिलाच आपण लोकभाषेत मणक्यातली गादी म्हणतो. दुसऱ्या मानमणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत अशा २३ चकत्या असून कण्याच्या लांबीपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांचा आहे. प्रत्येकीच्या मध्यभागी पाणीदार, चिकट असा गर आणि त्याच्याभोवती तंतूंचे वलय. हे वलय पंधरा ते पंचवीस थरांचे असते. एका थरातील तंतू एका बाजूस तिरके, तर लगतच्या थरातील विरुद्ध बाजूस तिरके, जशी बाजेच्या सुंभाची वीण असते तशी. त्यामुळे माणूस कोणत्याही दिशेस वाकला किंवा वळला, तरी काही तंतू ताणले जाऊन त्याला आवरतात. तरुण माणसाच्या शवातील चकती आडवी कापली, तर आतला गर कापाच्या पातळीवर न राहता तत्काळ वर फुगून येतो. तो जन्मभर दाबाखाली कोंडलेला असतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

या गराचे बळ पाण्यात आहे. बालपणी त्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. वयाबरोबर ते घटत ७० टक्क्यांच्या आसपास येते. आणि वयाचा हिशेब बाजूस ठेवला, तरी रोजचा जमाखर्च आहेच. दिवसभर उभे राहून, बसून, चालून चकतीतले पाणी पिळले जाते आणि रात्री निजल्यावर ती ते पुन्हा ओढून घेते. आपण सकाळी जेवढे उंच असतो त्यापेक्षा संध्याकाळी दीडदोन सेंटिमीटर कमी भरतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या घटीचा मोठा वाटा उठल्यानंतरच्या पहिल्या तासादोन तासांतच पडतो. आणि म्हणूनच पहाटे, चकती पाण्याने टच्च भरलेली असताना, एकदम वाकून पाण्याची बादली उचलणे हे कमरेला महागात पडते. तासभर हिंडूनफिरून मग वाकावे.

आता एक चमत्कार ऐका. चकतीत रक्तवाहिन्या नाहीत. बालपणी कडेकडेने काही असतात, त्याही पुढे मिटतात; आणि मग शरीरातील हा सर्वांत मोठा रक्तविरहित अवयव केवळ वरच्याखालच्या मणक्यांच्या पातळ पडद्यांतून झिरपून येणाऱ्या अन्नावर निर्वाह करतो. स्वीडनमधील अल्फ नाकेमसनने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतील दाब मोजला. उताणे निजल्यावर तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर कित्येक पटींनी अधिक, आणि वाकून ओझे उचलताना सर्वांत जास्त, असे त्यात आढळले. यावरून एखादा म्हणेल, “तर मग उताणे निजूनच राहावे, हेच उत्तम!” हा युक्तिवाद खांबाला लागू पडेल. खांबावर भार जितका कमी तितके त्याचे आयुष्य अधिक. पण चकतीतल्या पेशी जिवंत आहेत. त्यांना अतिभार सोसत नाही, तसे निर्भार राहणेही मानवत नाही. अवकाशात जाणाऱ्यांचा अनुभव पाहा. तेथे भार नाहीसा होतो, कणा लांबतो, माणसाची उंची शेकडा तीनपर्यंत वाढते. म्हणजे कमरेला स्वर्गसुख मिळावयास हवे. प्रत्यक्षात पुष्कळांची कंबर तेथे दुखते, कण्याजवळचे स्नायू रोडावतात, आणि पृथ्वीवर परतल्यानंतर चकती सरकण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांहून अधिक आढळते. विश्रांतीचा अतिरेक कमरेला पचत नाही, याहून बोलका दाखला कोणता हवा?

चौथा मुद्दा मज्जातंतूंच्या शेजाराचा. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्यादुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, आणि त्याखालच्या मज्जामार्गात केवळ तंतूंचा झुबका लोंबत असतो, ज्याला शारीरशास्त्र अश्वपुच्छ म्हणते. त्या भागात सुई घातली, तर रज्जूला इजा होण्याचे भय नसते. मघाशी आपण अंगठ्यांनी जी रेषा शोधली, तिच्याच आधाराने वैद्य सुईची जागा ठरवितात. १८९१ साली हाइनरिख क्विंकेने या मार्गाने मज्जाजल काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १८९८ साली कील येथे औगुस्ट बीअरने तेथेच कोकेन घालून शरीराचा खालचा भाग बधिर करून दाखविला. बीअर आणि त्याचा साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला. बीअरच्या पाठीत सुई गेली, पण पिचकारी तिला बसेना, म्हणून मज्जाजल वाहून गेले आणि प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट पुढे झाला. तो बधिर झाल्यावर बीअरने त्याला टोचले, भाजले, नडगीवर हातोडीने ठोकले. त्याला काही कळले नाही. रात्री दोघांनी मद्य आणि चिरूट यांनी यश साजरे केले. दुसऱ्या दिवसापासून बीअर डोकेदुखीने आडवा झाला आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या ठणकू लागल्या! आज सिझेरियनच्या वेळी कमरेत जे इंजेक्शन देतात, त्याची ही वंशावळ.

पण हा शेजार धोक्याचाही आहे. मणक्यांच्या मागून उतरणारा लांब अस्थिबंध कमरेच्या तळाशी अरुंद होत जातो, त्यामुळे वलयाला चीर पडली तर गर बहुधा मध्यावरून न सरकता मागे आणि बाजूस सरकतो, आणि तेथेच मज्जातंतूंची मुळे उतरत असतात. कमरेतील चकती सरकण्याचे बहुतेक सारे प्रकार चौथ्यापाचव्या मणक्यांमध्ये किंवा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामध्ये घडतात, कारण सर्वांत अधिक भार आणि सर्वांत अधिक वाकणे ही दोन्ही त्याच दोन जागी एकत्र येतात. ज्या मुळावर दाब येतो, त्याच्या मुलखात कळ उठते. पाचव्या कटिमुळावर दाब आला, तर पायाचा अंगठा वर उचलण्याचे बळ कमी होते. त्रिकास्थीच्या पहिल्या मुळावर आला, तर टाचेमागच्या कंडरेवर हातोडी मारली असता पाऊल उडत नाही. निष्णात वैद्य कोणतेही छायाचित्र न काढता पुष्कळदा दाब कोठे आहे ते सांगतो, ते या नकाशाच्या बळावर.

नितंबापासून पावलापर्यंत उतरणारी ही कळ आपल्या पूर्वजांना चांगली परिचित होती. चरकसंहितेत गृध्रसी या नावाखाली ती नितंबापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमाने वर्णिली आहे. इटलीत दोमेनिको कोतुन्यो याने १७६४ साली ती मज्जातंतूची व्यथा असल्याचे लिहिले. तिचे मूळ चकतीत असू शकते, हे मात्र १९३४ साली बॉस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी दाखविले तेव्हा वैद्यकाला पटले. पटले, ते अंमळ जास्तच पटले. कारण त्यानंतर कित्येक वर्षे कंबर दुखली की चकती दोषी, असा सरसकट निवाडा होऊ लागला.

श्रोतेहो, आता या चार मुद्द्यांवरून दुखण्याकडे वळू. कंबरदुखीच्या शंभरांपैकी सुमारे नव्वद प्रसंगी नेमका दोषी दाखविता येत नाही, आणि त्यांतील बहुतेक तीव्र दुखणी काही आठवड्यांत पुष्कळ ओसरतात. परंतु आपल्याला दोषी हवा असतो, म्हणून आपण एमआरआयचे दफ्तर उघडतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींचे असे चित्रण केले, तेव्हा त्यांतील ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा आढळला आणि २७ टक्क्यांची चकती बाहेर डोकावत होती. ही सारी माणसे धडधाकट! पिकलेल्या केसांना जसे आपण रोग म्हणत नाही, तसे चकतीवरच्या वयाच्या खुणांनाही म्हणता येत नाही. ‘मणक्यात गॅप पडली’ म्हणून जो रुग्ण हबकतो, त्याच्या क्ष-किरणचित्रात बहुधा दोन मणक्यांतील अंतर वाढलेले नसते, कमी झालेले असते. आणि तेही पुष्कळदा निरुपद्रवी. सरकलेला गरही पुष्कळदा शरीर आपणच हळूहळू शोषून घेते, आणि पायात उतरणारी कळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून शमते.

मग करावे काय? पूर्वी उत्तर एकच असे: फळीवर निजा, हलू नका. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस निजण्याची आणि सात दिवस निजण्याची तुलना केली, तेव्हा सात दिवस निजल्याने काही अधिक लाभ झाला नाही, फक्त कामाचे दिवस जास्त बुडाले. १९९५ साली हेलसिंकीच्या नगरपालिकेतील १८६ कर्मचाऱ्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरूण, काहींना विशेष व्यायाम, आणि काहींना झेपेल तसे नेहमीचे कामकाज, असे तीन वाटे दिले. सर्वांत लवकर बरे झाले ते नेहमीचे कामकाज करणारे. चकती, स्नायू आणि कमान यांविषयी आपण जे पाहिले, त्यावरून दुसरे काय अपेक्षित होते? ज्याचे उभे राहणे स्नायूंच्या बळावर आणि ज्याचे जगणे हालचालीवर, त्याला जखडून ठेवणे म्हणजे त्याचे रोजचे अन्न तोडणे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली नाही, तर माझे व्याख्यान अपायकारक ठरेल. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, जांघेतील आणि बैठकीची जागा बधिर झाली, पायातील शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर अश्वपुच्छ दाबले जात आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो. संध्याकाळी येणारा ताप, रोडावणारे वजन, रात्री जागे ठेवणारी कळ, ही लक्षणेही दुर्लक्षू नयेत. पर्सिव्हल पॉटने १७७९ साली वर्णिलेला मणक्यांचा क्षय आपल्या देशातून गेलेला नाही, आणि तो वेळीच ओळखला तर औषधांनी बरा होतो. कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्यांनी, तसेच पडल्यानंतर कंबर धरलेल्या वृद्धांनी, घरगुती शेकावर विसंबू नये.

समारोप करतो. कमरेच्या कण्याची रचना वाकण्यासाठी आहे. त्याचा तोल कमानीत आणि स्नायूंत आहे. त्याच्या चकत्या भार आणि विसावा यांच्या आवर्तनावर जगतात. आणि त्याच्या मज्जातंतूंची कळ बहुधा काळाने शमते, क्वचित तातडीची असते. यातून प्रत्येकाने घ्यावयाचा बोध थोडा आहे. रोज चालावे, एका जागी तासन् तास बसू नये, मग ती खुर्ची कितीही महागाची असो, ओझे अंगाशी धरून उचलावे, पाठ आणि पोट यांच्या स्नायूंना व्यायाम द्यावा, आणि कंबर धरली तर भिऊन अंथरुणाला न खिळता झेपेल तेवढे काम चालू ठेवावे.

परंतु झेपेल तेवढे काम ठरविण्याचा अधिकार सर्वांना असतो काय? तो माझ्यासारख्या खुर्चीवर बसून बोलणाऱ्याला असतो. बाजार समितीच्या आवारात पोते वाहणाऱ्याला नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम असावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा करून त्यांच्या नोंदणीचा, मजुरीचा आणि कल्याणाचा बंदोबस्त केला, ही या राज्याला भूषणावह गोष्ट होय. तरीही क्विंटलचे पोते एकट्याच्या पाठीवर चढविण्याची रीत आपल्या पेठांतून दीर्घकाळ चालत आली, आणि त्या पाठीने तक्रार केली म्हणजे तिला आराम सांगून मोकळे होणारे आपणच होतो. ज्याला आरामाच्या दिवसाची मजुरी मिळत नाही, त्याला आराम लिहून देणे ही चिकित्सा नव्हे. या सभागृहात व्यापारी आहेत, अधिकारी आहेत, माझे व्यवसायबंधू आहेत. त्या सर्वांना माझी विनंती आहे की, आपल्या गुदामात, आपल्या बांधकामावर, आपल्या कचेरीच्या दाराशी जे ओझे उतरते, त्याचे वजन एकदा स्वतः तपासून पाहावे, आणि ते ५५ किलोग्रॅमहून अधिक भरले, तर एकाच्या पाठीवर चढू देऊ नये.